सुरुंग काढणाऱ्यांचा जीव

भूसुरुंगांचा विषय आपल्याकडे निघतो तो शौर्याच्या अंगाने, आणि त्यात नवल नाही. बॉम्बे सॅपर्स या लष्कराच्या अभियंता दलाचे घर पुण्यात, खडकीला. याच दलाचे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी 1941 च्या सुरुवातीला ॲबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या, मोहिमेत सलग 96 तास राबून 55 मैलांच्या वाटेवरची 15 सुरुंगक्षेत्रे मोकळी केली. त्यांची गाडी दोनदा सुरुंगावर उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी ते थांबले नाहीत. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. याच दलाचे, कारवारजवळच्या चेंडियाचे राम राघोबा राणे 1948 च्या एप्रिलमध्ये जखमी अवस्थेत रणगाड्याखाली सरपटत गेले आणि जम्मू-काश्मीरमधल्या नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग त्यांनी काढले. त्यांना परमवीर चक्र मिळाले. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या ज्या घरांतून मुले सैन्यात गेली, त्या घरांना या दोन नावांचे मोल सांगावे लागत नाही.

हे पुस्तक त्या शौर्यापुढे नतमस्तक होऊनच एक वेगळा प्रश्न विचारते. गोळीबारात वाट काढून देणे हे युद्धातले काम. युद्ध संपल्यावर शेत, पाणवठा, शाळेची वाट लोकांना परत मिळावी म्हणून तुकड्यातुकड्याने जमीन तपासणे हे शांततेतले काम. त्याला मानवतावादी सुरुंग-निर्मूलन म्हणतात. तिथला कामगार सकाळी हजेरी लावतो, महिन्याला पगार घेतो, संध्याकाळी मुलाबाळांत परततो. त्याला रोज शूर व्हावे लागत असेल, तर कुठेतरी व्यवस्था चुकते आहे, असे या पुस्तकातल्या सगळ्या लेखांचे म्हणणे आहे. मलाही ते मनापासून पटते. हा माणूस वाचतो तो नीट हत्यारामुळे, नीट नियमामुळे, नीट देखरेखीमुळे, आणि आधी मेलेल्याची हकीकत त्याच्यापर्यंत पोचल्यामुळे.

हे क्षेत्र तसे तरुण आहे. सुरुंग शोधायचा हातात धरता येणारा डिटेक्टर दुसऱ्या महायुद्धात आला. पोलिश अधिकारी योझेफ कोसात्स्की यांनी तो घडवला आणि 1942 मध्ये अल अलामीनच्या लढाईत तो कामी आला. पण महायुद्धानंतर सुरुंग काढणे हे बराच काळ लष्कराचेच काम राहिले. नागरी संस्थांनी ते हाती घेतले अफगाणिस्तानात. सोव्हिएत सैन्य तिथून माघार घेत असताना लाखो निर्वासितांना गावी परतायचे होते आणि गावे सुरुंगांनी भरलेली होती. हॅलो ट्रस्ट 1988 मध्ये तिथेच उभा राहिला, पाठोपाठ 1989 मध्ये ब्रिटनमध्ये माइन्स ॲडव्हायझरी ग्रुप निघाला, आणि अफगाण लोकांनी स्वतःच्या संस्था काढल्या. त्यानंतर कंबोडिया, अंगोला, मोझांबिक, बोस्निया. कुवेतमध्ये 1991 च्या युद्धानंतर ठेकेदार कंपन्या उतरल्या, आणि घाईच्या ठेकेदारीत किती माणसे जातात हे जगाने पाहिले.

सुरुवातीला प्रत्येक संस्था आपापल्या लष्करी सवयीने काम करी. जमीन किती खोल तपासायची, दोन कामगारांत किती अंतर ठेवायचे, चेहऱ्यावर काय घालायचे, यांवर एकमत नव्हते. 1997 हे वर्ष कलाटणीचे ठरले. सुरुंगबंदीच्या चळवळीला आणि जोडी विल्यम्स यांना शांततेचे नोबेल मिळाले, ओटावा येथे सुरुंगबंदीच्या करारावर सह्या झाल्या आणि संयुक्त राष्ट्रांनी सुरुंग काढण्याची पहिली मानके प्रसिद्ध केली. 2001 पासून त्यांची जागा ‘आंतरराष्ट्रीय माइन ॲक्शन मानकां’नी घेतली. आज जगात कुठेही नागरी संस्था सुरुंग काढत असेल, तर ती बहुतेक या मानकांच्या चौकटीत काम करते.

अपघात कसा होतो हे कळायला आधी काम जवळून पाहायला हवे. कामगाराला साधारण एक मीटर रुंदीची पट्टी दिलेली असते. दोन्ही बाजूंना खुणेच्या दोऱ्या. तो आधी पुढच्या गवतात ताणलेली तार आहे का हे हलक्या हाताने चाचपतो, मग गवत कापतो, मग डिटेक्टर फिरवतो. आवाज आला की जागा नक्की करून खूण ठेवतो. त्या खुणेच्या वीस-तीस सेंटीमीटर अलीकडून तो खणायला लागतो आणि आडव्या अंगाने, थर थर काढत, पुढे सरकतो. भुईमुगाची शेंग न फोडता काढायची तर खुरपे वरून मारत नाहीत, बाजूने घालतात. तेच इथे, फक्त दाबाची चकती वर असलेल्या सुरुंगावर उभा घाव बसला तर शेंग फुटून भागत नाही. बहुतेक आवाज खिळ्यांचे, पत्र्याचे, काडतुसांच्या पुंगळ्यांचे असतात. शेकडो वेळा काहीच निघत नाही. धोका नेमका या शेकडो वेळांत वाढत जातो, कारण हात सैलावतो, उन्हात घामाने व्हायझरवर, म्हणजे चेहऱ्यापुढच्या पारदर्शक ढालीवर, वाफ धरते, उन्हाळ्यात जमीन दगडासारखी होते आणि हत्यारावर जोर द्यावासा वाटतो. अशा वेळी चांगला पर्यवेक्षक जमिनीवर पाणी शिंपडून ती मऊ व्हायची वाट पाहायला लावतो. वाईट पर्यवेक्षक आज किती मीटर झाले ते विचारतो.

या क्षेत्रातल्या अपघातांबद्दल आज जे ठामपणे सांगता येते, त्याचे मोठे श्रेय अँडी स्मिथ या ब्रिटिश तज्ज्ञाकडे जाते. त्यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून निरनिराळ्या देशांतल्या अपघातांचे चौकशी अहवाल जमवले, बळींची नावे गाळली आणि नोंदी सगळ्यांसाठी खुल्या केल्या. शेकडो नोंदींतून चित्र उभे राहिले. सर्वाधिक अपघात खणताना होतात. दुसरा मोठा गट राहून गेलेल्या सुरुंगांचा: जमीन साफ झाली म्हणून सांगितले, आणि तिथेच कामगाराचा पाय पडला. तिसरा गट हाताळणीचा: सापडलेला सुरुंग किंवा फ्यूज उचलताना, सुटा करताना झालेला स्फोट. जखमांचाही साचा दिसला. खणताना झालेल्या स्फोटात हात आणि डोळे जातात, आणि डोळे गेलेल्या कितीतरी जणांचा व्हायझर कपाळावर सरकवलेला होता किंवा चेहऱ्यावर नव्हताच.

इथे या पुस्तकाचा गाभा आहे, म्हणून जरा थांबतो. चौकशी अहवालात पहिले वाक्य ठरलेले असते: कामगाराचा निष्काळजीपणा. व्हायझर वर होता, म्हणजे चूक त्याची. पण पुढचे प्रश्न विचारत गेले की उत्तर सरकत जाते. व्हायझर वर का होता? कारण ओरखडे पडून त्यातून दिसत नव्हते. ओरखडे पडलेला व्हायझर बदलला का नाही? कारण सुटे व्हायझर मागवलेच नव्हते. तो वर केलेला कोणी पाहिला नाही का? पाहिला, पण त्या पट्टीवर सगळेच तसे करत होते. मृताच्या चुकीपासून निघालेली चौकशी अशी खरेदीच्या कागदापर्यंत आणि देखरेखीच्या सवयीपर्यंत पोचते. स्मिथ यांच्या नोंदींत वारंवार दिसणारी मूळ कारणे हीच: जागेवरची ढिली देखरेख आणि व्यवस्थापनाचे चुकलेले निर्णय.

हत्यारांचेही तसेच. लहान मुठीची, कमी लांबीची करणी हाताला सोयीची वाटते, पण स्फोटाचा दाब जवळ अतिशय तीव्र असतो आणि अंतराबरोबर झपाट्याने उतरतो. हात वीतभर मागे असणे म्हणजे बोटे राहणे किंवा जाणे. मूठ आणि पाते नीट जोडलेले नसेल तर स्फोटात पातेच तीरासारखे उडते. म्हणून लांब दांड्याची, तुटून न उडणारी, जमिनीशी कमी कोनात धरायची हत्यारे आली, मुठीपुढे हाताची ढाल आली. संरक्षक पोशाखाच्या मानकात 240 ग्रॅम टीएनटीचा स्फोट 60 सेंटीमीटरवर झाला तर काय टिकले पाहिजे याचा हिशेब आहे, आणि व्हायझरसाठी पाच मिलीमीटर जाडीच्या पॉलिकार्बोनेटचा. हा 240 ग्रॅमचा आकडा हवेतून आलेला नाही. जगभर पुरल्या गेलेल्या पीएमएन जातीच्या सोव्हिएत सुरुंगात साधारण तेवढीच दारू असते. याउलट प्रोम-1 सारखा युगोस्लाव्ह सुरुंग जमिनीतून कंबरेएवढा उसळतो आणि मग फुटून लोखंडाचे तुकडे फेकतो. तिथे पोशाख फारसा उपयोगी पडत नाही. अशा जागी सुरक्षितता म्हणजे आधीची पाहणी, आणि पाहणीतून मिळालेली माहिती पट्टीवरच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचणे.

नव्या वाचकाने या क्षेत्रातले चार प्रवाह ओळखून ठेवावेत, कारण लेखांतला वाद त्यांच्यातच आहे. पहिला प्रवाह हातकामाचा: डिटेक्टर, करणी आणि शिस्त. तो मंद आणि महाग आहे, पण प्रत्येक वीत जमिनीचा हिशेब देतो. दुसरा यंत्रांचा: साखळ्या आपटत जाणारी किंवा जमीन दळणारी चिलखती वाहने. ती माणसाला दूर ठेवतात, पण चढ-उतारावर, झाडीत, बांधांवर अडतात, आणि त्यांच्या मागून माणसाला पुन्हा तपासावेच लागते. तिसरा प्राण्यांचा: कुत्रे, आणि टांझानियातील मोरोगोरो येथे अपोपो संस्थेने शिकवलेले आफ्रिकी पाउच उंदीर. त्यांतल्या मगावा नावाच्या उंदराला कंबोडियातल्या कामासाठी 2020 मध्ये ब्रिटनच्या पीडीएसए संस्थेचे सुवर्णपदक मिळाले. वजन कमी असल्याने उंदीर सुरुंगावरून गेला तरी सुरुंग उडत नाही, आणि नाकाला स्फोटकाचा वास लागत असल्याने गंजलेल्या पत्र्याच्या खोट्या आवाजात वेळ जात नाही. चौथा प्रवाह पाहणीचा. गेल्या दोन दशकांत तो पुढे आला. त्याचे म्हणणे असे की संशयित जमिनीपैकी पुष्कळ जमिनीत सुरुंग नसतातच. आधी गावकऱ्यांना नीट विचारा, जुने नकाशे आणि अपघात पाहा, पुराव्याने जमीन मोकळी करा आणि जिथे खरेच सुरुंग आहेत तिथेच माणूस घाला. याने कामगाराचा धोका खूप घटतो. पण पुरावा कच्चा असेल तर तोच धोका शेतकऱ्याच्या पायाखाली जातो. ‘पुरेसा प्रयत्न’ कुठे संपतो, यावर लेखकांत मतभेद आहेत आणि ते लपवलेले नाहीत.

भारताचा या सगळ्यातला वाटा वाचकाला माहीत असायला हवा. भारताने ओटावा करारावर सही केलेली नाही. पारंपरिक शस्त्रांविषयीच्या कराराचा सुधारित दुसरा प्रोटोकॉल मात्र मान्य केला आहे. डिटेक्टरला सापडावा म्हणून सुरुंगात किमान आठ ग्रॅम लोखंडाइतका धातूचा संकेत असावा, असे तो प्रोटोकॉल सांगतो. संसदेवरच्या हल्ल्यानंतर 2001-02 मध्ये ऑपरेशन पराक्रमात पश्चिम सीमेवर सुरुंग पेरले गेले आणि मग काढले गेले. ते पेरताना आणि काढताना आपले जवान गेले, जखमी झाले, आणि शेतकऱ्यांना जमिनी परत मिळायला वाट पाहावी लागली. जम्मू-काश्मीरच्या उतारांवर पाऊस आणि बर्फ सुरुंगांना जागचे हलवतात, त्यामुळे नकाशावरची खूण आणि जमिनीतला सुरुंग यांची फारकत होते. श्रीलंकेत 2002 च्या शस्त्रसंधीनंतर हॉरायझन आणि सर्वत्र या भारतीय संस्थांमार्फत आपले निवृत्त सैनिक सुरुंग काढायला गेले. पुण्याच्या दिघीत डीआरडीओच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेने ‘दक्ष’ हा दूरनियंत्रित यंत्रमानव बनवला. संशयित वस्तूजवळ माणसाऐवजी तो जातो.

महाराष्ट्रात सुरुंगांचे नाव घेतले की गडचिरोली आठवते. 1 मे 2019 रोजी, महाराष्ट्रदिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ रस्त्यात पुरलेल्या स्फोटकांनी शीघ्र कृती दलाच्या 15 पोलिसांचा आणि गाडीच्या चालकाचा बळी घेतला. तिथला घरगुती बनावटीचा सुरुंग कारखान्यातल्या सुरुंगाच्या कुठल्याच तक्त्यात बसत नाही. त्याची दारू किती, तार कुठे, स्फोट कोण घडवणार, हे प्रत्येक वेळी नवे असते. ऑक्टोबर 2025 मध्ये भूपती या माओवादी नेत्याने सुमारे साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. संघर्ष ओसरतो तेव्हाच जमिनीत राहिलेल्या वस्तूंचा प्रश्न पुढे येतो. पुरणाऱ्यांकडून जागा विचारून घेणे, त्या नोंदवणे, तेंदूपाने वेचणाऱ्यांना सावध करणे, हे मानवतावादी निर्मूलनाचे पहिले धडे तिथे आज लागू आहेत.

मग बारामती-इंदापूरच्या वाचकाने हे का वाचावे? आपल्या भागात सुदैवाने कोणी सुरुंग पुरून ठेवलेले नाहीत. पण जमिनीत उतरून जीव धोक्यात घालणारी माणसे इथे आहेत. ऑगस्ट 2023 मध्ये इंदापूर तालुक्यातल्या म्हसोबाचीवाडीत विहिरीच्या रिंगचे काम सुरू असताना भाग ढासळून चार मजूर ढिगाऱ्याखाली गेले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने रात्रंदिवस उपसा केला, पण चौघांपैकी कोणी वाचले नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये बारामती तालुक्यातल्या खांडजला जनावरांच्या मलमूत्राच्या टाकीत चार जण गुदमरून गेले. आधी अडकलेल्याला वाचवायला धावलेलेही परत आले नाहीत.

सुरुंगक्षेत्रातला एक नियम इथे शब्दशः लागू पडतो. स्फोट झाला की कोणीही जखमीकडे धावत जायचे नाही. सगळ्यांनी जागेवर उभे राहायचे, पर्यवेक्षकाने माणसे मोजायची, आणि दोघांनी तपासत तपासत जखमीपर्यंत सुरक्षित वाट काढायची. रुग्णवाहिका आणि प्रथमोपचार जाणणारा माणूस काम सुरू होण्याआधीच जागेवर हजर असतो. याची रंगीत तालीम पुन्हा पुन्हा घेतली जाते, कारण सख्ख्या सहकाऱ्याची किंकाळी ऐकून थांबणे ही माणसाच्या स्वभावाविरुद्धची गोष्ट आहे. ती शिकवावी लागते. विषारी वायूच्या टाकीपाशी हीच शिकवण असती तर एकामागून एक माणसे आत गेली नसती.

विहिरी खोल करताना बार उडवणाऱ्यांनाही यात त्यांचेच काम दिसेल. दहा भोकांत दारू भरली, वात पेटवली, सगळे दूर पळाले आणि आवाज नऊच ऐकू आले, तर तो दहावा बार म्हणजे सुरुंगच. ठरलेला वेळ जाईपर्यंत कोणी खाली उतरायचे नाही, न उडालेल्या बाराच्या भोकात पुन्हा ड्रिल लावायचे नाही, आवाज मोजायचे काम एकाच माणसाकडे द्यायचे, हे नियम खाणकामात जुने आहेत आणि विहिरीवर सर्रास मोडले जातात. मोडतात ते मजूर मूर्ख असतात म्हणून नव्हे. उक्त्या कामाचा दर, पावसाच्या आत पाणी लागण्याची घाई आणि शेजारी उभा असलेला मालक, हे सगळे मिळून त्यांना खाली ढकलतात. मीटरचा हिशेब मागणारा पर्यवेक्षक आपल्याकडेही आहे.

आज हा विषय निकडीचा झाला आहे. ‘लँडमाइन मॉनिटर’ या वार्षिक अहवालाच्या नोंदीनुसार 2023 या एका वर्षात सुरुंग आणि न फुटलेल्या स्फोटकांनी जगभर 5,757 माणसे मारली गेली किंवा जखमी झाली, आणि त्यांतले 84 टक्के नागरिक होते. युक्रेनमधली शेते सुरुंगांनी भरली आहेत, सीरियात लोक घरी परतताना स्फोटात सापडत आहेत. लिथुआनिया, लॅटव्हिया, एस्टोनिया, फिनलंड आणि पोलंड या देशांनी 2025 मध्ये ओटावा करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी अमेरिकेने परदेशी मदत रोखल्यावर अनेक देशांत सुरुंग काढणाऱ्या तुकड्या बसून राहिल्या. जून 2021 मध्ये अफगाणिस्तानातल्या बगलानमध्ये हॅलो ट्रस्टच्या तळावर बंदूकधारी घुसले आणि त्यांनी दहा कामगारांना ठार केले, हेही विसरता येत नाही. काम वाढते आहे, पैसा आटतो आहे, आणि पैसा आटला की पहिली काटछाट सुरक्षिततेत होते: प्रशिक्षणाचे दिवस, सुटे व्हायझर, रुग्णवाहिका.

या संग्रहाने तीन गोष्टी करायचे मनावर घेतले आहे. एक, अपघातांच्या हकिकती बळीला दोष न देता, पण काहीही न झाकता सांगणे. दोन, तंत्राची माहिती मराठीत अशी देणे की अभियांत्रिकीचा विद्यार्थी, निवृत्त सॅपर आणि विहिरीवरचा मुकादम या तिघांनाही ती वाचता यावी. तीन, दूरच्या देशांतल्या या अनुभवातून इथल्या धोकादायक कामांसाठी काय घेता येते ते तपासणे. हे सुरुंग काढायचे शिक्षण देणारे पुस्तक नव्हे. संशयास्पद वस्तू दिसली तर हात न लावता मागे फिरून पोलिसांना कळवावे, एवढाच त्यातला व्यवहारी सल्ला आहे. काही लेख तांत्रिक आहेत, ते सावकाश वाचावेत. चौकशी अहवालांवरचे लेख मात्र कोणी गाळू नयेत.

वाचकांकडे माझे एकच मागणे आहे. सुरुंग-निर्मूलनाने जगाला दिलेली सर्वांत मोठी वस्तू डिटेक्टर नव्हे, अपघाताची उघडी नोंद आहे. आपल्या तालुक्यात विहिरीत, टाकीत, गटारात, खाणीत माणूस गेला की चार दिवस बातमी येते, मदतीचा धनादेश दिला जातो आणि काय चुकले ते कुठेच लिहून राहत नाही. ग्रामपंचायतीने, कंत्राटदारांनी, अभियंत्यांनी, शाळा-महाविद्यालयांनी ठरवले तर ते लिहिता येईल: काम काय होते, हत्यार कोणते, देखरेख कोणाची, पहिला माणूस गेल्यावर दुसरा का उतरला. नाव गाळून लिहावे, दोष न लावता लिहावे, पण लिहावे आणि पुढच्या कामाच्या आधी मजुरांना मोठ्याने वाचून दाखवावे. त्या वाचनाने एक जरी माणूस संध्याकाळी घरी परतला, तरी या लेखकांच्या श्रमांचे चीज झाले असे मी मानीन.